घर विकणाऱ्याने शिहो-शोशी कधी गाठावा

कावासाकीत पन्नास वर्षांचं घर जुनं समजलं जातं आणि ते लाकडी असेल तर फारच जुनं. भाड्याने दिलेल्या लाकडी घराचा घसारा मोजताना जपानी करखातं त्याचं आयुष्य २२ वर्षं धरतं. त्यापलीकडचं घर बाजारात आलं की भाव जमिनीचा होतो, वरची इमारत बहुतेकदा हिशेबातच नसते. खरोखरीची जुनी घरं बघायची तर तामा विभागातल्या इकुता बागेत ‘निहोन मिंकाएन’ हे १९६७ साली सुरू झालेलं खुलं संग्रहालय आहे. ठिकठिकाणची दोन-तीनशे वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची घरं सुटी करून तिथे आणून पुन्हा उभी केली आहेत. ती विकायची नाहीत, त्यामुळे त्यांच्या कागदपत्रांची चिंता कुणालाच नाही.

चिंता आहे ती संग्रहालयाबाहेरच्या घरांची. टोकियो आणि योकोहामा यांच्या मध्ये, तामा नदीच्या काठाने लांबट पसरलेलं हे पंधरा लाखांहून जास्त वस्तीचं शहर. समुद्राकडची बाजू कारखान्यांची आणि पश्चिमेकडची टेकड्यांची. १९६६ मध्ये देन-एन-तोशी रेल्वेमार्ग मिझोनोकुचीच्या पुढे वाढला, १९७४ मध्ये शिन-युरिगाओका स्टेशन सुरू झालं आणि रोज टोकियोला जाणाऱ्या नोकरदारांनी मियामाए, तामा, असाओ या भागांतल्या उतारांवर कर्ज काढून घरं बांधली. ते नोकरदार आता ऐंशी-नव्वदीत आहेत किंवा वारले आहेत. मुलं शहरातल्याच मुसाशी-कोसुगीच्या उंच इमारतींत नाहीतर दुसऱ्याच गावात राहतात आणि आईवडिलांचं घर विकायला काढतात. जपानमध्ये स्थिरावलेली आपली मंडळीही आता घरं घेऊ लागली आहेत, म्हणजे उद्या त्यांनाही हीच वाट आहे.

मुंबईत जुनी जागा विकताना माणूस सॉलिसिटर गाठतो. पुण्यात ओळखीचा वकील गाठून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घेतो. जपानमध्ये ही सगळी कामं एका माणसाकडे नसतात. गिऱ्हाईक शोधणं, करार तयार करणं आणि घराची माहिती लेखी देणं हे फुदोसान म्हणजे परवानाधारक दलालाचं काम. जमीन मोजणं, हद्दीच्या खुणा रोवणं आणि इमारतीची पहिली नोंद करणं हे तोचि-काओकु-चोसाशीचं. भांडण लागलं तर बेंगोशी म्हणजे वकील. कराचं काम झेइरिशी बघतो. मालकीची नोंद एका नावावरून दुसऱ्या नावावर नेणं, बोजा उतरवणं आणि वारसनोंद करणं हे काम शिहो-शोशींचं. १८७२ च्या न्यायखात्याच्या नियमांत अर्ज लिहून देणाऱ्यांना पहिल्यांदा स्थान मिळालं, १९१९ मध्ये त्यांच्यासाठी कायदा झाला, १९३५ मध्ये आजचं नाव मिळालं आणि आजचा कायदा १९५० चा. कोर्टाच्या दारात बसून अर्ज खरडणाऱ्यांचा हा वंश आता इतका पुढे आला आहे की परीक्षेला बसणाऱ्या शंभरांतले चार-पाचच उत्तीर्ण होतात. देशभरात त्यांची संख्या सुमारे २३ हजार आहे. कोटावर पावलोनियाच्या पानाफुलांचा छोटा बिल्ला असतो आणि सगळे त्यांना ‘सेन्सेइ’ म्हणजे गुरुजी म्हणतात.

आता मुद्दा असा की कावासाकीत घर विकणाऱ्याला हा सेन्सेइ निवडायला सहसा मिळतच नाही. टोकियो आणि कावासाकीचा कानागावा प्रांत या पट्ट्यात रीत अशी आहे की नोंदणीचा मोठा खर्च खरेदीदार करतो म्हणून शिहो-शोशीही तोच नेमतो. प्रत्यक्षात अनेकदा खरेदीदाराला कर्ज देणारी बँक किंवा दलाल नाव सुचवतो. तोच शिहो-शोशी दोन्ही बाजूंचे कागद बघतो. ओसाका-क्योतोकडे मात्र विकणाऱ्याचा वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा अशी पद्धत चालते. नव्या फ्लॅटच्या व्यवहारात कावासाकीची रीत ठीक आहे, वेळ आणि पैसा वाचतो. जुन्या घराच्या बाबतीत मला ओसाकाची रीत शहाणपणाची वाटते. कारण जुन्या घरातली गुंतागुंत जवळजवळ सगळी विकणाऱ्याच्या बाजूची असते. ती सोडवायला लागणारा वेळ खरेदीदाराच्या शिहो-शोशीकडे नसतो, कारण तो चित्रात येतो तेव्हा विसार देऊन झालेला असतो आणि ताब्याची तारीख ठरलेली असते.

ती तारीख म्हणजे काय ते एकदा जवळून पाहू. आठवड्यातला कामाचा दिवस, कारण शनिवार-रविवारी बँक आणि नोंदणी कार्यालय दोन्ही बंद. खरेदीदाराच्या बँकेतली एक छोटी खोली. विकणारा, घेणारा, दोन्हीकडचे दलाल आणि शिहो-शोशी. त्यांनी त्या दिवशी सकाळीच नोंदवहीचा ताजा उतारा बघितलेला असतो, रातोरात कुणी जप्ती किंवा दुसरा बोजा चढवला नाही ना याची खात्री करायला. मग ते विकणाऱ्याचं ओळखपत्र बघतात, जन्मतारीख विचारतात, हे घर विकायचं आहे ना असं त्याच्याच तोंडून वदवून घेतात. मुखत्यारपत्रावरचा शिक्का महापालिकेच्या दाखल्यावरच्या ठशाशी ताडून पाहतात. दाखला तीन महिन्यांच्या आतला लागतो. शेवटी मालकीचा कागद. साधारण २००५ पूर्वी घेतलेलं घर असेल तर नोंदणी कार्यालयाच्या लाल शिक्क्याचा जुना केन्रिशो, नंतरचं असेल तर झाकलेल्या पट्टीखाली अक्षरं आणि आकडे मिळून १२ चिन्हांचा गुप्त संकेत. सगळं जुळलं की ते सांगतात, आता पैसे हलवायला हरकत नाही. मग बँकेतून रक्कम निघते, पोचल्याची खात्री होईपर्यंत सगळे चहा पीत गप्प बसतात, किल्ल्या हातात पडतात आणि शिहो-शोशी अर्ज दाखल करायला निघतात. कावासाकीतल्या मिळकतींची नोंद योकोहामा जिल्हा विधिकार्यालयाच्या कावासाकी शाखेत किंवा असाओच्या उपकार्यालयात होते.

इतकी काळजी घेण्याचं कारण कायद्यातच आहे. जपानची नोंदवही मालकीची हमी देत नाही. नोंदीवर विसंबून एखाद्याने पैसे दिले आणि नोंद खोटी निघाली तर खरा मालक सहसा जागा परत घेऊ शकतो. आपल्या सातबाऱ्याची गतही फार वेगळी नाही. तोही खोटा ठरेपर्यंत खरा. २०१७ मध्ये सेकिसुइ हाउस या बड्या बांधकाम कंपनीने टोकियोतल्या गोतांदा भागात सुमारे २ हजार चौरस मीटर जागेचा ७०० कोटी येनचा सौदा केला. बनावट कागद घेऊन बसलेली ‘मालकीण’ तोतया होती. खऱ्या मालकिणीच्या नावाने इशारा देणारी पत्रं आली, ती कंपनीने कुणाचा तरी खोडसाळपणा समजून बाजूला ठेवली. नोंदणी कार्यालयाने अर्ज फेटाळला तोवर सुमारे ५५५ कोटी येन हातचे गेले होते. आज विकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थाला एखादे शिहो-शोशी तोच प्रश्न तीनदा विचारतात तेव्हा त्याने रागावू नये.

पण त्या खोलीत विकणाऱ्याची बाजू सांभाळायची तर काम महिनोन्महिने आधी सुरू व्हायला हवं. नोंदवहीत घर वडिलांच्या, कधी आजोबांच्या नावावर असतं. १ एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची झाली आहे: वारसा मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत करायची, नाहीतर १ लाख येनपर्यंत दंड. त्याआधीच्या मृत्यूंसाठी साधारणपणे ३१ मार्च २०२७ ही मुदत आहे. दंडापेक्षा मोठी अडचण अशी की वारसनोंदीशिवाय विक्रीची नोंद होतच नाही. त्यासाठी मृताच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सगळे कुटुंबनोंदीचे उतारे आणि सगळ्या वारसांच्या शिक्क्यांचा वाटणीचा कागद लागतो. २०२४ च्या मार्चपासून हे उतारे कुठल्याही पालिकेत मागता येतात, पण भावंडांचे तसे मिळत नाहीत. शिहो-शोशींना कामापुरते ते स्वतः मागवण्याचा अधिकार असतो.

पत्त्याचंही तसंच. घर घेताना वडील ज्या भाड्याच्या खोलीत राहत होते तोच पत्ता नोंदवहीत पडून असतो. तिथपासून आजच्या पत्त्यापर्यंतची साखळी कागदांनी जोडावी लागते. जुने रद्द झालेले रहिवासी उतारे पूर्वी पाचच वर्षं ठेवत. २०१९ च्या जूनपासून ते १५० वर्षं ठेवण्याचा नियम झाला, पण तोवर नष्ट झालेले काही परत येत नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून पत्ता बदलाची नोंदही दोन वर्षांत करणं सक्तीचं आहे, न केल्यास ५० हजार येनपर्यंत दंड.

आणि बोजा. कर्ज फिटलं की बँक कागद पाठवते, नोंद मात्र आपोआप उतरत नाही. कागद कपाटात जातात आणि तीस वर्षांनी घराच्या उताऱ्यावर बँकेचं नाव तसंच दिसतं, मधल्या काळात ती बँक दुसरीत विलीन झालेली असते. त्याहून मजेशीर म्हणजे तैशो किंवा शोवा या सम्राटांच्या काळातला एखाद्या सावकाराचा काहीशे येनचा बोजा. सावकार कोण, वारस कुठे, पत्ता नाही. त्यासाठी कायद्यात सोय आहे: कर्जाची मुदत उलटून २० वर्षं झाली असतील आणि सावकार सापडत नसेल तर मुद्दल, व्याज आणि नुकसानभरपाई सरकारी ठेवीत भरून बोजा उतरवता येतो. समजा मुद्दल ३०० येन आणि दर दहा टक्के. शंभर वर्षांच्या सरळव्याजासकट रक्कम ३,३०० येन होते. कोट्यवधी येनचा सौदा एका जेवणाच्या पैशांसाठी अडतो आणि ते पैसे भरायची परवानगी मिळवण्यात आठवडे जातात.

या सगळ्यांत मला सर्वांत धोक्याची वाटते ती खासगी रस्त्याची पट्टी. असाओ-मियामाएच्या उतारांवर विकासकाने पाच-सहा घरांसाठी एक बोळ ठेवलेला असतो आणि त्या बोळाच्या जमिनीत प्रत्येक घराचा पाचवा-सहावा हिस्सा असतो. सर्वांच्या वापराचा रस्ता म्हणून त्यावर मिळकत कर लागत नाही. कर लागत नाही म्हणून दरवर्षीच्या करपत्रात तो दिसत नाही. वारसांनी करपत्र समोर ठेवून वारसनोंद केली तर घर आणि घराखालची जमीन मुलांच्या नावावर येते, बोळातला हिस्सा मात्र आजोबांच्याच नावावर राहतो. विक्रीच्या वेळी खरेदीदाराची बँक विचारते, रस्त्यातला हिस्सा कुठे आहे? मग आजोबांच्या सगळ्या नातवंडांचे शिक्के गोळा करत फिरायचं. अनुभवी शिहो-शोशी हे आधीच शोधतात. ते मोजणी नकाशावर घरापुढच्या पट्टीचा गट क्रमांक बघून तिचा उतारा काढतात. शिवाय जुन्या कर्जाच्या नोंदीला जोडलेली तारणांची यादी वाचतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या बँकेने घर, जमीन आणि बोळाचा हिस्सा असं सगळं एकत्र तारण घेतलेलं असतं, त्यामुळे घरच्यांनी विसरलेली पट्टी त्या यादीत सापडते. तुमच्यासमोरचा शिहो-शोशी ही यादी न मागवता नुसतं करपत्र बघून खर्चाचा अंदाज देत असेल तर दुसरा बघावा, असं मी बेधडक सांगेन.

घरामागे वाढवलेली खोली नोंदलेली नसणं, पाडलेलं घर नोंदवहीत उभं असणं या गोष्टी शिहो-शोशी ओळखतात, पण दुरुस्त करतात ते चोसाशी. दोघांची एकमेकांशी ओळख असली तर विकणाऱ्याचे हेलपाटे वाचतात.

घर आईच्या नावावर आहे आणि आईची स्मृती गेली आहे, असं असेल तर गोष्ट आणखी वेगळी. आईला विक्री कळत नसेल तर मुलाने शिक्का मारून चालत नाही. शिहो-शोशी तिथेच व्यवहार थांबवतात आणि थांबवलाच पाहिजे. मग कुटुंब न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो आणि आई राहत असलेलं घर विकायला न्यायालयाची वेगळी परवानगी लागते. कावासाकीत योकोहामा कुटुंब न्यायालयाची शाखा आहे. ही पालकत्वाची व्यवस्था २००० च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि त्याच्या आदल्या वर्षी शिहो-शोशींनी त्या कामासाठी ‘लीगल सपोर्ट’ नावाची आपली संस्था काढली. घरात अशी परिस्थिती असेल तर पालकत्वाचं काम नेहमी करणारा शिहो-शोशी निवडावा. फक्त बँकेच्या कर्जनोंदी करणाऱ्या मोठ्या कार्यालयाला यात रस नसतो.

तर निवडायचं कसं? दलाल पहिल्याच भेटीत ‘आमचे नेहमीचे सेन्सेइ आहेत’ म्हणतो. ते वाईटच असतील असं नाही. पण त्यांचा पुढचा धंदा त्या दलालाकडून येतो हे लक्षात ठेवावं. काम मिळवून दिल्याबद्दल दलालाला पैसे देणं शिहो-शोशींच्या आचारनियमांत निषिद्ध आहे. तसा वास आला तर लांबच राहावं. घर विकायचं ठरलं की दलालाच्याही आधी आपल्या बाजूचा शिहो-शोशी गाठावा आणि वारसनोंद, पत्ता, बोजा ही कामं त्याच्याकडून पुरी करून घ्यावीत. पुढे खरेदीदाराने आपला माणूस नेमला तर नेमू दे. त्याच्या हातात तोवर निर्वेध उतारा पडलेला असेल. कानागावा प्रांताच्या शिहो-शोशी संघाकडे सभासदांची नावं मिळतात.

मानधनाचं ठरलेलं दरपत्रक २००३ पर्यंत होतं. आता प्रत्येकाचा दर वेगळा. अंदाजपत्रक मागताना सरकारी शुल्क आणि मानधन वेगवेगळं लिहून मागावं, म्हणजे तुलना करता येते. बोजा उतरवण्याचं शुल्क दर मिळकतीला १ हजार येन, म्हणजे घर आणि जमीन मिळून २ हजार. वर मानधन साधारण १५-२० हजार. वारसनोंदीचं शुल्क मूल्यांकनाच्या ०.४ टक्के, २ कोटी येनच्या मूल्यांकनावर ८० हजार. केन्रिशो हरवला असेल तर तो पुन्हा मिळत नाही. शिहो-शोशी विकणाऱ्याची मुलाखत घेऊन त्याच्या ओळखीची लेखी खातरी देतात. त्याचे बहुधा ५० हजार ते १ लाख येन होतात आणि ते विकणाऱ्यावर पडतात. हे काम मात्र विक्रीचा अर्ज करणारा शिहो-शोशीच करू शकतो, म्हणून कागद हरवल्याचं त्याला पहिल्या दिवशीच सांगावं.

भावंडांत वाद असेल तर शिहो-शोशी उपयोगाचे नाहीत. खास मान्यता मिळालेले शिहो-शोशी १४ लाख येनपर्यंतच्या दाव्यांत खालच्या न्यायालयात उभे राहू शकतात, पण वारसाहक्काच्या भांडणात एका भावाच्या वतीने दुसऱ्याशी बोलणी करणं त्यांच्या अधिकाराबाहेर आहे. पहिल्या भेटीत वादाचा सुगावा लागताच ‘हे बेंगोशीकडे न्या’ म्हणणारा शिहो-शोशी हा चांगलाच समजावा.

घराच्या गळतीशी, वाळवीशी, भूकंपाशी त्यांचा संबंध नाही. १ जून १९८१ पूर्वीच्या भूकंपनियमांनी बांधलेलं घर, उताराची जुनी संरक्षक भिंत, २०१९ च्या हागिबिस वादळात तामा नदीचं पाणी नाल्यांतून उलटं चढलेला भाग, हे सारं दलालाच्या माहितीपत्रात यायचं असतं. २०२० च्या ऑगस्टपासून पुराचा नकाशा दाखवणंही दलालाला बंधनकारक आहे. जुन्या घराच्या करारात विकणाऱ्यावर दोषांची जबाबदारी नाही असं कलम घालतात, पण ठाऊक असलेला दोष लपवला तर त्या कलमाचा आधार मिळत नाही.

आपल्या माणसांसाठी आणखी थोडं. परदेशी मालकांची नावं नोंदवहीत काताकाना लिपीत असतात. एकच देशपांडे दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेला निघतो, कुठे वडिलांचं नाव मध्ये येतं, कुठे लग्नानंतर आडनाव बदललेलं. २०२४ च्या एप्रिलपासून नव्या मालकांच्या नोंदीत रोमन अक्षरांतलं नावही येतं, जुन्या नोंदी मात्र पासपोर्ट आणि रहिवासी उताऱ्याशी आधीच ताडून घ्याव्यात. जपान सोडून पुण्याला परतल्यावर घर विकायचं झालं तर शिक्क्याचा दाखला मिळत नाही. त्याजागी सहीचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून त्याच्या जपानी भाषांतरासह पाठवावं लागतं. मसुदा शिहो-शोशींकडून आधी मंजूर करून घ्यावा, नाहीतर नोटरी, कुरियर, सगळं पुन्हा. अनिवासी विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने १०.२१ टक्के कर कापायचा असतो. किंमत १० कोटी येनपर्यंत असेल आणि घेणारी व्यक्ती स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या राहण्यासाठी घेत असेल तर त्यातून सूट आहे. कापलेला कर जास्त असेल तर पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून परत मागता येतो, त्यासाठी जपानमध्ये राहणारा कर-प्रतिनिधी नेमावा लागतो. ते काम झेइरिशीचं, आणि परताव्याचा पत्रव्यवहार त्या प्रतिनिधीच्याच पत्त्यावर चालत असल्यामुळे तो ताबा देण्याआधीच नेमून ठेवावा.